पवित्र पोर्टलची ‘मुलाखतीसह’ वाट: यादीपर्यंत सरळ, पुढे घाट

शिक्षक भरतीसाठी शासनाचं पवित्र पोर्टल २०१७ साली आलं. तेव्हापासून त्याला शिव्या घालणं हा डीएड-बीएडवाल्यांचा नित्यनेम झाला आहे, आणि त्यातल्या निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. ‘मुलाखतीशिवाय’ या प्रकारात जिल्हा परिषद, नगरपरिषदांच्या शाळा येतात. तिथे चाचणीचे गुण, प्रवर्ग आणि प्राधान्यक्रम जुळला की नाव लागलं, विषय संपला. ‘मुलाखतीसह’ प्रकार खासगी अनुदानित संस्थांचा. तिथे पोर्टल फक्त नावं संस्थेकडे धाडतं, पुढचा कारभार संस्थेच्या कचेरीत चालतो. हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रकाराचं, आणि तेही अलिबाग ते दोडामार्ग या पट्ट्यातून पाहिलेलं. यादी लागेपर्यंतच्या कामाला पाचपैकी साडेतीन. मुलाखतीच्या टप्प्याला अडीच. मुलाखतीनंतर उमेदवाराला काही कळवण्याच्या व्यवस्थेला एक, तोही लॉगिन उघडल्यावर काहीतरी दिसतं म्हणून.

नव्यांसाठी एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. टेट आणि टीईटी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. टीईटी ही पात्रता: १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० लागतात, प्रमाणपत्र आता आजीवन चालतं, आणि ती पहिली ते आठवीच्या पदांसाठी हवी. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं, त्यात १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. इथे पास-नापास नाही, जितके पडले तितके घेऊन रांगेत उभं राहायचं. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि त्यानंतर मे-जून २०२५ मध्ये. मधली पाच वर्षं कुठे गेली हे ज्यांचं वय त्यात निघून गेलं त्यांना विचारा.

पोर्टलचं काम म्हणून पाहिलं तर नोंदणी नीट चालते. माहिती भरा, स्वप्रमाणपत्र तयार करा, जाहिराती आल्या की तुमच्या पात्रतेत बसणाऱ्या संस्था समोर येतात, त्यांचा क्रम लावा आणि लॉक करा. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर दमतो, तेव्हा क्रम आधी लावून ठेवायचा. लॉक न केलेला प्राधान्यक्रम म्हणजे न भरलेला अर्ज. दरवेळी काही जण नुसतं ‘सेव्ह’ करून निर्धास्त झोपतात आणि यादी लागली की उठतात.

खरी पडझड होते ती स्वप्रमाणपत्रात. पदवीची टक्केवारी श्रेणीवरून अंदाजाने टाकणं, नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपली आहे हे न पाहणं, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र गेल्या आर्थिक वर्षाचं लावणं, लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. पोर्टल यातलं काहीही अडवत नाही, तुम्ही टाकाल ते घेतं. अडवतो तो पडताळणीला बसलेला माणूस, आणि तोवर यादीत नाव लागून पेढे वाटून झालेले असतात. नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही हाताशी ठेवा. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना ३० टक्के समांतर आरक्षणासाठी नॉन-क्रिमीलेयर लागत नाही, ती अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने गेली. तरी कुणी मागितलं तर त्या निर्णयाची प्रत पुढे करायची, वाद घालायचा नाही.

प्राधान्यक्रम लावताना नकाशा उघडा. यादीत संस्थेचा पत्ता दिसतो, पण एकाच संस्थेच्या शाळा तीन तालुक्यांत असू शकतात, आणि तालुक्याचं गाव ते शाळेची वाडी यात कोकणात अख्खा अर्धा दिवस मावतो. घाटावरून येणारे उमेदवार ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणून क्रम देतात. मंडणगड आणि राजापूर ही त्याच जिल्ह्याची दोन टोकं आहेत, हे त्यांना गाडीत बसल्यावर समजतं.

आता बोलावणं. २०२३ च्या चाचणीवर आधारित पहिल्या मोठ्या जाहिरातीत २१,६७८ पदं होती, त्यातली ४,८७९ मुलाखतीसह. त्या फेरीने एक गोष्ट ठळक केली: या प्रकारात टेटचे गुण दारापर्यंत नेतात, दाराच्या आत चालत नाहीत. आत मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण असतात आणि निवड त्यावर ठरते. टेटला १४० असलेला आणि ११० असलेला एकाच बाकावर बसतात, पाटी दोघांचीही कोरी. हे न्याय्य आहे का, यावर रात्रभर गजाली मारता येतील. तयारीच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की टेटमध्ये ३० गुण जास्त आहेत म्हणून सैल पडू नका आणि कमी आहेत म्हणून घरी बसू नका.

तारीख बहुधा थोड्या दिवसांच्या अंतराने कळते, फोनवर, मेसेजवर किंवा लॉगिनमध्ये. नोंदणीला दिलेला नंबर बंद करू नका. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात राहत असाल तर रेंजमध्ये असणारा घरातला दुसरा कुणीतरी लॉगिन रोज बघेल असं ठरवून ठेवा. मुलाखत पावसाळ्यात पडली तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. सकाळी दहाची मुलाखत असेल तर आदल्या दिवशी पोचा. दापोलीला रेल्वे नाही, खेडला उतरून एसटी. गुहागरला चिपळूणहून. वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडीहून. एकाच आठवड्यात दापोली आणि गुहागर अशी दोन बोलावणी आली तर चिपळूणला वळसा घालण्यापेक्षा दाभोळ-धोपावे फेरीबोट बरी. मात्र समुद्र खवळलेला असताना ती चालू आहे का हे आधी विचारा. तालुक्याहून सुटणाऱ्या वस्तीच्या गाडीचा भरवसा धरायचा तर परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, हे ध्यानात ठेवून राहण्याची सोय बघा.

कागदांचे दोन साक्षांकित संच, मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. क्रम लावा: दहावी, बारावी, पदवी, डीएड किंवा बीएड, टीईटी, टेटचं गुणपत्रक, जात आणि वैधता, अधिवास, स्वप्रमाणपत्र. मूळ कागद दाखवायचे, परत घ्यायचे. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ असं कुणी म्हटलं तर साहेब येईपर्यंत तिथेच बसायचं.

आणि मग पाठ. संपूर्ण प्रक्रियेतली हीच एक गोष्ट खऱ्या अर्थाने शिक्षकाची परीक्षा घेते. बहुतेक ठिकाणी दहा ते पंधरा मिनिटं देतात. कधी समोर खरी मुलं असतात, कधी सुट्टीमुळे समितीच मुलं बनून बसते आणि अध्यक्षांना ‘बाळा, सांग बघू’ म्हणायची पाळी येते. बीएडच्या टाचणातले सगळे टप्पे, म्हणजे पूर्वज्ञान, हेतुकथन, विवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय, पंधरा मिनिटांत कोंबायला गेलात की प्रस्तावनेतच आठ मिनिटं जातात. एकच उपघटक घ्या, एवढा लहान की तो संपेल.

उदाहरणादाखल सातवीची शेकडेवारी. प्रस्तावना एका वाक्यात: पेटीत पाच डझन आंबे आले, घरी उघडली तर नऊ डागी निघाले, शेकडा किती गेले? पाच डझन म्हणजे ६० हे मुलांकडून काढून घ्यायचं, स्वतः सांगायचं नाही. फळ्यावर ९ छेद ६०, तीनने भाग देऊन ३ छेद २०, मग अंश आणि छेद दोन्हींना पाचने गुणून १५ छेद १००. इथे थांबायचं आणि विचारायचं, छेद १०० का केला? हा प्रश्न विचारला की सूत्र पाठ करून घेणाऱ्यांपासून तुम्ही लगेच वेगळे दिसता. मग दुसरी पेटी, चार डझनांत सहा डागी. ६ छेद ४८, म्हणजे १ छेद ८, आणि ८ ने शंभराला भाग पूर्ण जात नाही. साडेबारा टक्के येईपर्यंत वर्गाला झगडू द्या. कोणती पेटी चांगली, हा शेवटचा प्रश्न, आणि तोच मूल्यमापन. संख्या आधी घरी सोडवून घ्या, फळ्यासमोर भागाकार अडला की पाठ तिथेच बसतो.

फळ्याचे मनातल्या मनात तीन भाग करा. डावीकडे दिनांक, इयत्ता, विषय, घटक. मधला मोठा भाग उदाहरणाला. उजवीकडे नवे शब्द आणि कच्ची आकडेमोड. पुसायचं फक्त उजवीकडचं, म्हणजे शेवटी समितीला आख्खा पाठ फळ्यावर वाचता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातला फळा घाम फुटल्यासारखा ओला असतो आणि उघड्या खोक्यातला खडू दमट होऊन ओढताना मोडतो. खिशात कोरड्या पिशवीत चार खडू आणि एक सुती फडकं ठेवा. ओला डस्टर फिरवला तर पांढरा चिखल होतो, त्यावर काहीही उमटत नाही. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग लिहा. क्षुल्लक वाटतं खरं, पण समितीतल्या जुन्या मुख्याध्यापकांची नजर पहिली तिथेच जाते.

नेहमी होणाऱ्या चुका तशा ठरलेल्याच. वर्गाकडे पाठ करून बोलणं. प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देणं. पहिल्या बाकालाच शिकवणं. मुलाने ‘माका समाजला नाय’ म्हटल्यावर त्याची भाषा सुधारायला लागणं. त्याला गणित समजलेलं नाही हे तो सांगतोय, मालवणी त्याला उत्तम येते.

तोंडी प्रश्नांत फार खोल कुणी जात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वयोगट ६ ते १४. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकला पस्तीसमागे एक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चा ५+३+३+४ आकृतिबंध. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती: परीक्षा आठवीला, वर्षाला १२,००० रुपये. एवढं तोंडावर असलं की बरं. त्यापेक्षा जास्त वेळ जातो तो ‘आमच्याकडे पट कमी होतोय, तुम्ही काय कराल?’ या प्रश्नात. कोकणात हा प्रश्न खरा आहे: पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरतात तेव्हा, पद जातं, आणि पद गेलं की ज्याला आता घेतायत तोच अतिरिक्त, म्हणजे पदाविना उरलेला, ठरतो. तिथे भाषण नको. घरोघर भेटी, ज्यांची मुलं पाचवीत येऊ शकतात अशा आजूबाजूच्या शाळांची यादी, एनएमएमएसला बसवलेली मुलं, असं मोजता येईल ते सांगा. दुसरा हमखास प्रश्न, ‘दोन वर्षांत बदली मागून जाणार ना?’ हा बाहेरच्या जिल्ह्यातल्यांना असतो आणि त्यामागे जिल्हा परिषदेच्या आंतरजिल्हा बदल्यांचा जुना राग आहे. खासगी संस्थेतल्या नेमणुकीला तो नियम तसा लागू नाही, हे शांतपणे सांगता आलं तर समितीचा सूर बदलतो.

पैशाचा विषय झाकून चालणार नाही. देणगीचा बाजार मोडावा हा पोर्टलमागचा एक उघड हेतू होता आणि ३० गुणांच्या खोलीने त्याला एक फट ठेवली आहे. सगळ्या संस्था तशा नाहीत. अनेक ठिकाणी समिती खरोखर पाठ बघते आणि गुण लिहिते. पण कुणी ‘इमारत निधी’ वगैरे काढलाच तर तिथल्या तिथे हो-नाही करू नका, काही देऊ नका, बोलणं कुणाशी आणि कधी झालं ते लिहून ठेवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक अशाच वेळेसाठी आहे.

मुलाखत संपते आणि घाट सुरू होतो. ‘कळवतो’ या शब्दाला तारीख नसते. संस्थेने निवड पोर्टलवर नोंदवायची, मग नियुक्ती आदेश द्यायचा, असा क्रम आहे. उमेदवाराला यातलं दिसतं फक्त लॉगिनमधलं. न निवडलेल्याला कुणी काही कळवत नाही, तो निष्कर्ष शांततेवरून काढायचा. एकाला पाच मिनिटांत ‘निवड झालेली नाही’ असा मेसेज पाठवता येतो हे रेल्वेच्या प्रतीक्षा यादीने कधीच शिकवलं आहे, इथे ते अजून पोचायचं आहे.

उशिराची कारणं मात्र ओळखता येतात. पहिलं, आचारसंहिता. २०२४ साली १६ मार्चला लोकसभेची लागली, ती जूनमध्ये उतरते न उतरते तोच कोकण पदवीधर मतदारसंघाची २६ जूनला निवडणूक, मग १५ ऑक्टोबरपासून विधानसभेची. कोकणाला एकाच वर्षात तीन. दुसरं, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन: जिल्ह्यात त्या विषयाचा अतिरिक्त शिक्षक शिल्लक असेल तर पद अडकतं. तिसरं, बिंदुनामावलीतली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या नोंदवहीतली, हरकत किंवा कोर्टातली याचिका. चौथं खास इथलं. बऱ्याच संस्थांचे पदाधिकारी मुंबईत असतात आणि कार्यकारिणीची सभा त्यांच्या सवडीने लागते. गणपतीला किंवा शिमग्याला मंडळी गावी आली की ठराव होतो. ऑगस्टमधली मुलाखत आणि सप्टेंबरचे गणपती यांच्यामध्ये काही हललं नाही तर त्यात नवल नाही. संस्थेतच विश्वस्तांचा वाद धर्मादाय आयुक्तांकडे चालू असेल तर सही कुणाची चालणार हाच प्रश्न, आणि तो वर्षभर चालू शकतो. मुलाखतीला जाण्याआधी गावात एवढी एक गोष्ट विचारून घ्यावी.

विचारपूस कुठे करायची हाही चक्रव्यूह. शिक्षणाधिकारी माध्यमिक यांची कचेरी रत्नागिरीत, सिंधुदुर्गसाठी ओरोसला, रायगडसाठी अलिबागला. महसुली विभाग कोकण, त्याचं कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला, तिथे या कामाचं काही नाही. दहावी-बारावीचं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीत, त्याचाही भरतीशी संबंध नाही. विभागीय शिक्षण उपसंचालक रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरला आणि रायगडसाठी मुंबईला. मुलाखतीनंतर साधारण तीन आठवडे थांबून संस्थेच्या सचिवांना लेखी विचारा, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. ‘माझी निवड का झाली नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. मागायचं ते कागद: अमुक तारखेच्या मुलाखतीची गुणतक्ता प्रत, निवड समितीचा ठराव, संस्थेने पोर्टलवर निवड नोंदवल्याची तारीख.

या काळात तासिका तत्त्वावरचं काम किंवा खासगी क्लास सोडू नका. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ ची, तिच्यावरची पहिली यादी ऑगस्ट २०१९ मध्ये आली. दुसऱ्या वेळी चाचणी ते यादी एक वर्ष लागलं, २५ फेब्रुवारी २०२४ ला. सुधारणा आहे, पण घरभाडं यादीची वाट बघत नाही. आणि नाव लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक: प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन, जानेवारी २०२३ पासूनचे दर. तेही शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ या वेतन प्रणालीतला आयडी झाल्यावरच हातात पडतं. २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडीचा प्रकार गाजल्यापासून कागद बारकाईने तपासले जातात. थकबाकी एकदम येते, पण तोवर काही महिन्यांचा खर्च गाठीशी हवा.

नियुक्ती आदेश हातात आला की त्यात जावक क्रमांक, पदाचा गट, विषय, प्रवर्ग आणि बिंदू क्रमांक छापलेले आहेत का ते कचेरीतच वाचा. प्रवर्ग चुकला असेल तर मान्यतेचा प्रस्ताव परत येतो. आदेशात रुजू होण्याची मुदत दिलेली असते, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, दरड कोसळून घाट बंद पडायला तोच दिवस मिळतो. रुजू अहवाल दोन प्रतींत लिहा, तारखेपुढे म.पू. (मध्यान्हपूर्व) की म.नं. (मध्यान्हानंतर) ते स्पष्ट घाला, आणि एका प्रतीवर मुख्याध्यापकांची सही व शाळेचा गोल शिक्का घेऊनच हजेरीपटाकडे वळा.